मजकुरात पेरलेल्या आज्ञा

वेब सर्व्हरचे मूळ काम साधे आहे. ब्राउझर एखादी फाइल मागतो, सर्व्हर ती डिस्कवरून उचलतो आणि जशीच्या तशी पाठवून देतो. फाइलमध्ये काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कविता असो, किंमतपत्रक असो की निविदा सूचना, त्याच्या लेखी सगळे बाइट्सच. हा नियम मोडला की या पुस्तकाचा विषय सुरू होतो. सर्व्हर फाइल पाठवण्याआधी स्वतः वाचू लागतो, खास त्याच्यासाठी लिहिलेल्या ओळी शोधतो, त्यांत सांगितलेले काम करतो, आणि ओळीच्या जागी त्या कामाचा निकाल चिकटवून मगच पान पुढे धाडतो. या सोयीचे नाव सर्व्हर साइड इन्क्लूड्स. बोलताना सगळे एसएसआयच म्हणतात.

कल्पना अगदीच निराधार उगवली नव्हती. युनिक्सच्या जगात फिंगर नावाची सेवा होती. तिला एखाद्या वापरकर्त्याविषयी विचारले की ती त्याच्या होम डिरेक्टरीतली 'प्लॅन' नावाची फाइल वाचून दाखवायची. काही खटपट्या मंडळींनी त्या फाइलच्या जागी नेम्ड पाइप बसवला, म्हणजे कुणी विचारले की पलीकडून एखादा प्रोग्राम त्या क्षणीचा ताजा मजकूर पुरवी. सेंट लुई इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरमध्ये स्वागताच्या फाइलीत टक्क्याच्या चिन्हापुढे एक मोठे रोमन अक्षर लिहिले की त्या जागी काहीतरी भरले जाई. टी लिहिला तर स्थानिक वेळ, एन लिहिला तर सध्या किती जण जोडलेले आहेत तो आकडा, एम लिहिला तर जास्तीत जास्त किती जणांना प्रवेश आहे तो आकडा. फाइल साध्या मजकुराचीच होती, फक्त ती वाचणाऱ्या डीमनला, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामला, त्यातल्या काही अक्षरांचा वेगळा अर्थ माहीत होता.

वेबवर ही सोय आली ती एनसीएसएच्या सर्व्हरमधून. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या या केंद्रात १९९३ साली रॉब मक्कूल यांनी एचटीटीपीडी लिहिला. मोझॅक ब्राउझरही त्याच केंद्रातला. १९९४ मध्ये मक्कूल तिथून बाहेर पडले, सर्व्हरची देखभाल रेंगाळली, आणि जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले. त्यातूनच १९९५ मध्ये अपाची सर्व्हर उभा राहिला. वर्षभरातच तो वेबवरचा सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला आणि एनसीएसएच्या बऱ्याच सवयी त्याच्यासोबत सगळीकडे पोहोचल्या. एसएसआय ही त्यांतली एक.

आता आज्ञा लिहायची रीत पाहू, कारण तिच्या रचनेतच खरे शहाणपण आहे. एचटीएमएलमध्ये कॉमेंट लिहायची तर कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा देतात, आणि शेवटी पुन्हा दोन रेघा आणि उलटा कोनी कंस. मधला मजकूर ब्राउझर दाखवत नाही. एसएसआयची आज्ञा याच कॉमेंटच्या पोटात बसते. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असते, पण उच्चाराप्रमाणे लिहिली तर अशी दिसेल:

<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/तळपट्टी.एचटीएमएल" -->

सुरुवातीच्या रेघांना हॅश चिकटलेले हवे आणि हॅशला आज्ञेचे नाव. मध्ये एक जरी मोकळी जागा पडली तरी ती साधी कॉमेंट ठरते आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेवटच्या रेघांच्या आधी मात्र मोकळी जागा सोडायलाच हवी, नाहीतर त्या रेघा आधीच्या शब्दाचाच भाग समजल्या जाण्याची भीती असते. नवशिक्यांचे निम्मे तास या दोन मोकळ्या जागांपायी जातात.

कॉमेंटच का, याचे उत्तर मला फार आवडते. समजा हे पान अशा सर्व्हरवर गेले, जिथे ही सोय बंद आहे. सर्व्हर ते न वाचताच पाठवेल, ब्राउझरला एक कॉमेंट दिसेल आणि तो ती गाळून टाकेल. तळपट्टी येणार नाही, पण पान मोडणार नाही. मात्र अशा वेळी पानाचा सोर्स उघडणाऱ्या कुणालाही ती आज्ञा, तिच्यातल्या फाइलच्या नावासकट, उघड वाचता येते. म्हणून आज्ञेत गुपित काही लिहू नये, हा पहिला नियम.

इन्क्लूड ही या घराण्यातली सगळ्यात उपयोगी आज्ञा. दोनशे पानांच्या तळाशी पत्ता आणि फोन नंबर असेल आणि कार्यालय हलले, तर दोनशे फाइली उघडायच्या की एक, एवढाच प्रश्न ती सोडवते आणि पुरता सोडवते. तिचे दोन प्रकार आहेत. 'फाइल' लिहिले तर सर्व्हर त्याच डिरेक्टरीत किंवा तिच्या पोटातच शोधतो, वर चढायला मनाई. 'व्हर्च्युअल' लिहिले तर तो आपल्याच संकेतस्थळावरचा पत्ता समजतो, आणि त्या पत्त्यावर एखादा प्रोग्राम असेल तर तो चालवून त्याचे उत्तर चिकटवतो. पुस्तकात जवळजवळ सर्वत्र दुसरा प्रकार वापरला आहे, आणि ते योग्यच आहे.

इन्क्लूड फक्त बाइट्स चिकटवते, त्यांची लिपी तपासत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत आणि दर फॉन्टची अक्षरमांडणी निराळी असे. अशा जुन्या पानाला युनिकोडमधली नवी तळपट्टी जोडली की दोहोंपैकी एक भाग अगम्य चिन्हांचा ढीग होऊन समोर येतो. सर्व्हरच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते, त्यामुळे एरर लॉगमध्येही काही सापडत नाही. जुनी संकेतस्थळे टप्प्याटप्प्याने युनिकोडवर आणणाऱ्यांनी आधी हे तुकडे बदलावेत की पाने, याचा विचार पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.

मराठी वाचकाला खरा धडा मिळतो तो तारखेच्या प्रकरणात, म्हणून त्याच्यावर थोडे रेंगाळतो. पानावर आजचा वार छापायचा आहे. 'एको' ही आज्ञा एखाद्या चलाची किंमत छापते आणि 'कॉन्फिग' ही आज्ञा तारीख कोणत्या साच्यात हवी ते सांगते. टक्का आणि मोठा ए म्हणजे वाराचे नाव. लिहिले, पान उघडले, तर समोर रोमन लिपीत मंडे. पान मराठी, फाइल यूटीएफ-८, तरी वार इंग्रजीत. कारण हे नाव पानातून येतच नाही. ते सर्व्हर ज्या लोकॅलमध्ये चालू आहे त्यातून येते, आणि डीमन बहुधा 'सी' या मूळ लोकॅलमध्ये चालतात.

यावरचा उपाय पुस्तकात दिला आहे आणि तो सुंदर आहे. टक्का आणि छोटा डब्ल्यू असा साचा द्यायचा, म्हणजे वाराऐवजी अंक येतो, रविवारला ० आणि शनिवारला ६. मग 'इफ' आणि 'एलिफ'च्या सात पायऱ्या करायच्या: ० असेल तर रविवार, १ असेल तर सोमवार, असे शेवटपर्यंत. ही सातही नावे आपण आपल्या फाइलीत मराठीत लिहिलेली असतात, सर्व्हरला फक्त निवड करायची असते. महिन्यांसाठी अशाच बारा पायऱ्या. सगळे एका वेगळ्या फाइलीत ठेवून ती हव्या त्या पानात इन्क्लूड केली की झाले. प्रोग्रामिंगची भाषा न शिकता, केवळ मजकुराच्या फाइलींतून, मराठी पंचांगाच्या पानाला पुरेल एवढे साधते.

तरीही पहाटे पाचला पान उघडणाऱ्याला मंगळवारी सोमवार दिसू शकतो. सर्व्हरचे घड्याळ युटीसीवर असेल तर भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत आपल्याकडे वार बदललेला असतो आणि सर्व्हरकडे नसतो. सर्व्हर सुरू करतानाच त्याला 'आशिया/कोलकाता' हा वेळेचा पट्टा देऊन ठेवावा लागतो. पानात कितीही खटपट केली तरी तिथून हे दुरुस्त होत नाही.

या साऱ्या विषयाचे मर्म मला इथेच दिसते. आज्ञा लिहितो पानाचा लेखक, पण ती पाळली जाते सर्व्हरच्या घड्याळाने, सर्व्हरच्या भाषेत आणि सर्व्हरच्या अधिकाराने. घड्याळ आणि भाषा चुकली तर वार चुकतो. अधिकार चुकला तर काय होते, ते 'एक्झेक' या आज्ञेत कळते.

एक्झेकला एक ओळ दिली की सर्व्हर ती ओळ थेट शेलच्या हाती देतो आणि शेल जे छापेल ते पानात चिकटवतो. यंत्र किती वेळ चालू आहे, डिरेक्टरीत कोणत्या फाइली आहेत, भेट देणाऱ्यांचा आकडा किती झाला, हे सगळे एका ओळीत. हे काम होते ते सर्व्हरच्या वापरकर्ता खात्याच्या हक्काने. ते खाते जे वाचू शकते ते आज्ञाही वाचू शकते, ते खाते जे पुसू शकते ते आज्ञाही पुसू शकते.

पान लिहिणारा आणि सर्व्हर सांभाळणारा एकच असेल तर यात वावगे काही नाही. नव्वदच्या दशकात मात्र अनेक वैयक्तिक पानांवर गेस्टबुक असे. पाहुण्याने नाव आणि चार शब्द लिहायचे, एका पर्ल स्क्रिप्टने ते एचटीएमएल फाइलीत घालायचे, पुढच्या पाहुण्याला ते दिसायचे. आता तीच फाइल एसएसआयसाठी वाचली जात असेल तर? पाहुण्याने चार शब्दांऐवजी एक्झेकची ओळ लिहिली, तर पुढच्या वेळी कुणीही ते पान उघडताच ती ओळ सर्व्हरवर चालेल. गेस्टबुक स्वतः निर्दोष होते, एसएसआयही सांगितल्याप्रमाणेच वागत होते. दोघांची गाठ एका फाइलीत पडली आणि परक्या माणसाला लेखकाचा दर्जा मिळाला.

हे लोकांच्या लक्षात आले नाही असे नाही. खूप वापरल्या जाणाऱ्या एका गेस्टबुक स्क्रिप्टमध्ये कॉमेंटची सुरुवात आणि शेवट यांच्या मधले सगळे काढून टाकायची सोय होती. १९९९ साली तीही अपुरी असल्याची नोंद झाली. स्क्रिप्ट शेवटची खूण अचूक तशीच शोधत होती, पण तेव्हाचा अपाची १.३.९ आज्ञा संपल्याची इतर चिन्हेही चालवून घेत होता. नेहमीची शेवटची खूण न देता आज्ञा लिहिली की गाळणीला ती दिसत नसे आणि सर्व्हरला दिसे. एकच मजकूर दोघे वाचत होते आणि दोघांचे व्याकरण वेगळे होते. हे उदाहरण माझ्या मते संगणक सुरक्षा शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात फळ्यावर यायला हवे. वाईट शब्द शोधून काढण्याचा मार्ग असा फसतो. पाहुण्याच्या मजकुरातला कोनी कंस एंटिटीमध्ये बदलून टाकणे हा टिकाऊ मार्ग. मग तो कंस छापला जातो, पण कुणासाठीच आज्ञेची सुरुवात राहत नाही. एसएसआयची एको आज्ञा आज मुळातूनच असे रूपांतर करून छापते.

अपाचीने अधिकाराचे प्रश्न कॉन्फिग फाइलीत सोडवले. 'इन्क्लूड्स' हा पर्याय दिला तरच आज्ञा वाचल्या जातात, आणि 'इन्क्लूड्स-नोएक्झेक' दिला तर एक्झेक सोडून बाकीच्या. यात एक बारकावा आहे: नोएक्झेक असतानाही, सीजीआयसाठी नेमलेल्या डिरेक्टरीतला प्रोग्राम इन्क्लूड व्हर्च्युअलने चालवता येतोच. तो प्रोग्राम तिथे सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठेवलेला असल्याने हे रास्त आहे. इगोर सिसोएव्ह यांचा एन्जिनएक्स हा सर्व्हर २००४ मध्ये लोकांपुढे आला. त्याच्या एसएसआय मॉड्यूलमध्ये इन्क्लूड आहे, इफ आहे, सेट आहे, एको आहे. एक्झेक नाहीच. मला हा निर्णय पटतो.

'एक्स-बिट-हॅक' या अपाचीच्या जुन्या सोयीबद्दल मात्र माझे मत लेखकांपेक्षा कडक आहे. फाइलचे नाव साधे असले तरी तिच्यावर एक्झिक्यूट परवानगी असेल तर सर्व्हरने ती वाचावी, अशी ही योजना. फाइली झिप करून, एफटीपीने चढवून, विंडोजवरून फिरवून आणल्या की परवानग्यांचे बिट गळतात किंवा भलतेच लागतात. कोणत्या फाइलीत आज्ञा आहेत हे तिच्या नावावरून कळावे, परवानगीच्या एका बिटावरून नव्हे. नवे काम सुरू करणाऱ्यांनी ही सोय वापरू नये.

कधीकाळी बसवलेली आणि विसरलेली सोय हा वेगळा धोका. अपाचीच्या मॉड्यूलमध्ये आज्ञेचे तुकडे पाडणाऱ्या फंक्शनमधला बफर ओव्हरफ्लो २००४ मध्ये सापडला. एसएसआयची पाने लिहू शकणाऱ्या स्थानिक वापरकर्त्याला त्यातून हवा तो कोड चालवता येत होता. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये सगळी चले छापणारी 'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा पाहुण्याने पाठवलेला मजकूर तसाच छापत असल्याचे २०१९ मध्ये निघाले. टॉमकॅटमध्ये एसएसआय मुळात बंद असते. अशा ठिकाणी धोका असतो तो कुणीतरी चाचणीसाठी चालू करून तसेच सोडून दिलेल्या सर्व्हरला.

एसएसआयचा वंश मोठा आहे, हेही वाचकाने ध्यानात घ्यावे. रासमस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपीच्या ज्या आरंभीच्या आवृत्त्या काढल्या, त्यांतल्या एकीत कोड एचटीएमएलच्या कॉमेंटमध्येच लिहावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीने पानात दुसरी फाइल ओढून घेण्यासाठी एसएसआयचीच खूण उचलली. २००१ मध्ये अकामाई, ओरॅकल आणि इतरांनी मिळून एज साइड इन्क्लूड्सची मांडणी केली, जिथे पान मूळ सर्व्हरवर न जुळवता वाटेतल्या कॅशवर जुळवले जाते. पानाचा बराचसा भाग सर्वांना सारखा आणि 'नमस्कार' पुढचे नाव तेवढे वेगळे, अशा ठिकाणी ही रीत आजही उपयोगाची आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की टॅग मूळ लेखकाने लिहिला की पाहुण्याच्या शोधशब्दातून आला, हे कॅशला ओळखता येत नाही. गेस्टबुकचाच प्रश्न, एक मुक्काम पुढे.

डिसेंबर २०२१ मधला लॉगफोरजेचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. जावामधली ही लायब्ररी नोंदी लिहिण्यासाठी. पण नोंदवायच्या मजकुरात डॉलर आणि महिरपी कंसाची विशिष्ट रचना आली की ती लायब्ररी तिला आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरकडे विचारणा करी आणि तिथला कोड आणून चालवी. माइनक्राफ्ट या खेळात चॅटच्या चौकटीत एक ओळ टाइप करणे पुरेसे होते. ज्याचे काम फक्त लिहून ठेवायचे होते, तोच मजकूर वाचून पाळू लागला. एसएसआय नीट समजलेल्या माणसाला हा दोष पहिल्या वाचनात कळतो, त्यासाठी जावा यावी लागत नाही. हे पुस्तक आज लिहिले जावे याचे माझ्यापुरते सर्वांत मोठे कारण तेच.

दुसरे कारण छोट्या यंत्रांचे आहे. ॲडम डंकेल्स यांनी स्वीडनमध्ये लिहिलेली एलडब्ल्यूआयपी ही नेटवर्किंगची लायब्ररी रास्पबेरी पाय पिको डब्ल्यूसारख्या बोर्डांवर वापरता येते. या बोर्डावर रॅम २६४ किलोबाइट. एवढ्यात पीएचपी मावत नाही, पण एसएसआय मावते. पानात 'टेम्प' असा टॅग लिहायचा, सर्व्हर तो पाहून सी भाषेतल्या एका फंक्शनला हाक मारतो आणि त्याने दिलेला तापमानाचा आकडा त्या जागी ठेवतो. टॅगचे नाव सेटिंग न बदलल्यास आठ अक्षरांपर्यंतच. इथे शेल नाही, त्यामुळे एक्झेकचा प्रश्नच नाही. लेखकाने आधी ठरवून दिलेल्या टॅगांच्या यादीबाहेर सर्व्हर काही करू शकत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ही वाट मी आवर्जून सुचवतो. शेततळ्यातल्या पाण्याची पातळी किंवा टाकीचे तापमान ब्राउझरमध्ये दाखवायला याहून हलके साधन क्वचितच मिळेल.

पुस्तक कुणासाठी, हे लेखकांनी मनोगतात सांगितले आहेच. लिनक्सवर फाइल उघडून संपादित करता येते आणि सर्व्हर बंद करून चालू करता येतो, एवढी तयारी पुरते. वाचताना दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एकीत पान आणि दुसरीत एरर लॉग. आज्ञा चुकली की पानावर चौकटी कंसात एवढेच येते की ही आज्ञा हाताळताना चूक झाली. कोणती चूक, ते फक्त लॉग सांगतो. पहिल्या चार प्रकरणांतली उदाहरणे नोएक्झेक ठेवूनच चालवावीत, ती सगळी तशी चालतात. एक्झेकचे प्रकरण मुद्दाम उशिरा घेतले आहे. उडी मारून ते आधी वाचण्याचा मोह होईल, पण त्याआधीचे परवानग्यांचे प्रकरण करून मगच तिथे यावे, आणि प्रयोग स्वतःच्या यंत्रावर, लोकलहोस्टवर, बाहेरून येणारे पोर्ट बंद ठेवून करावा.